एडीसी नेमकं काय मोजतो? व्होल्टेज आणि तापमानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस जवळ आले की मला तेच ते प्रश्न येतात. सुरुवात बहुतेक वेळा 'सर, सेन्सर खराब निघाला' अशी होते आणि बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. खालची उदाहरणं आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावरची आहेत, कारण तो बोर्ड सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये सापडतो. त्यातली चिप एटमेगा३२८पी, आणि तिच्या पोटात १० बिटांचा एक एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर: पिनवरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग. दुसरा बोर्ड घेतलात तर आकडे बदलतील, भानगडी त्याच राहतील.

एडीसी तापमान मोजतो का?

नाही. काटेकोर बोलायचं तर तो व्होल्टेजही मोजत नाही. पिनवर आलेलं व्होल्टेज रेफरन्स व्होल्टेजच्या (तुलनेसाठी धरलेल्या व्होल्टेजच्या) कितवा हिस्सा आहे, एवढंच तो सांगतो. रेफरन्सचे १०२४ सारखे भाग पाडायचे आणि त्यातले किती भाग भरले ते मोजायचं. उत्तर ० ते १०२३ मधला एक पूर्णांक.

या आकड्याचं व्होल्टेज करतो तुमचा प्रोग्रॅम, आणि व्होल्टेजचे अंश करतो तो सेन्सरच्या डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, विश्वास ठेवून. म्हणजे स्क्रीनवर २८.३ दिसतं तेव्हा मधे तीन पायऱ्या झालेल्या असतात. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न यातली कुठली पायरी निसटली याचेच आहेत.

एका रीडिंगमध्ये आत काय घडतं?

जुन्या तराजूवर भाजी तोलताना दुकानदार आधी मोठं वजन टाकून बघतो, पारडं खाली गेलं तर ते काढून त्याच्या निम्मं टाकतो. हा एडीसी तसाच चालतो. एक खरं रीडिंग घेऊ. एलएम३५ हा तापमान सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. खोलीत २८.४ अंश आहेत, म्हणजे पिनवर ०.२८४ व्होल्ट. रेफरन्स ५ व्होल्ट.

पहिलं वजन ५१२, म्हणजे अडीच व्होल्ट. जड झालं, काढा. २५६ म्हणजे सव्वा व्होल्ट, जड. १२८ जड. ६४ म्हणजे ०.३१२५, थोडक्यात जड. ३२ म्हणजे ०.१५६, हे राहू द्या. त्यावर १६, एकूण ४८, म्हणजे ०.२३४, राहू द्या. त्यावर ८, एकूण ५६, म्हणजे ०.२७३, राहू द्या. ४ टाकलं की ६० होतात, ०.२९३, जड. २ टाकले, ५८ झाले, ०.२८३, राहू द्या. शेवटचं १ टाकलं तर ५९, ०.२८८, जड. उत्तर ५८.

दहा बिट म्हणून दहा वजनं, दहा तुलना. ५८ ला ४.८८ मिलिव्होल्टने गुणलं की २८३ मिलिव्होल्ट, म्हणजे २८.३ अंश. उरलेला ०.१ अंश कुठे गेला? ५८ आणि ५९ च्या मधे पडला. तो परत मिळत नाही.

या सगळ्याला किती वेळ लागतो?

आर्डुइनोच्या नेहमीच्या मांडणीत एडीसीचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झ भागिले १२८, म्हणजे १२५ किलोहर्ट्झवर चालतं. एका रूपांतराला १३ ठोके लागतात, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. सेकंदाला साधारण ९,६०० रीडिंग. एडीसी सुरू केल्यावरच्या पहिल्या रूपांतराला मात्र २५ ठोके लागतात.

मोजणी चालू असताना व्होल्टेज बदललं तर?

फरक पडत नाही, कारण तोवर नमुना घेऊन झालेला असतो. पिनच्या मागे आत १४ पिकोफॅरडचा इवलासा कपॅसिटर आहे. सुरुवातीच्या दीड ठोक्यात, म्हणजे १२ मायक्रोसेकंदांत, तो पिनवरच्या व्होल्टेजपर्यंत भरतो. मग दार बंद होतं आणि तोलायचं काम त्या साठवलेल्या व्होल्टेजवर चालतं. सॅम्पल अँड होल्ड म्हणतात ते हेच.

१२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजायला ३.३ मेगाओहम आणि १ मेगाओहम रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज वाटून कमी करणारी जोडी) लावला, करंट वाचावा म्हणून. मल्टिमीटरवर एक, प्रोग्रॅममध्ये भलतंच. का?

त्या १४ पिकोफॅरडमुळे. तुमचे दोन रेझिस्टर त्याला समांतर जोडल्यासारखे दिसतात, सुमारे ७६७ किलोओहम. याला १४ पिकोफॅरडने गुणा, टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर किती वेगाने भरतो त्याचं माप) येतो १०.७ मायक्रोसेकंद. भरायला मिळतात १२. एवढ्यात कपॅसिटर जेमतेम दोन तृतीयांश वाट कापतो आणि दार बंद होतं. एडीसीने बरोबरच तोललं, पण पिशवी अर्धवट भरलेली तोलली.

चिपची डेटाशीट म्हणते, स्रोताचा रोध १० किलोओहम किंवा त्याहून कमी ठेवा. बाजारात २५ व्होल्टचं डिव्हायडर मॉड्यूल मिळतं, त्यात ३० आणि ७.५ किलोओहम असतात. पाचास एक गुणोत्तर, समांतर रोध ६ किलोओहम, काही तक्रार नाही. करंट वाचवणं गरजेचंच असेल तर मोठे रेझिस्टर ठेवा आणि पिन ते ग्राउंड ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. तो आतल्यापेक्षा सात हजार पट मोठा असल्यामुळे आतला क्षणात भरतो आणि बाहेरच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. लागोपाठ वाचू नका, बाहेरच्यालाही सावरायला वेळ द्या. बॅटरी काही सेकंदाला बदलत नाही.

एक इशारा: डिव्हायडरचा खालचा रेझिस्टर सुटला की पूर्ण १२ व्होल्ट पिनवर येतात. ब्रेडबोर्डवर हे फार सहज होतं.

एलएम३५ लॅपटॉपला जोडल्यावर २९.३ दाखवतो, अडॅप्टरवर २८. खोली तीच. कुठला खरा?

दोन्ही वेळा सेन्सर खरंच बोलतोय. बदलला तो रेफरन्स.

लॅपटॉपच्या यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात असं आपण मानतो. तिथे मीटर लावा, केबल बारीक असेल तर ४.७५ दिसतील. उनो काही सांगितलं नाही तर स्वतःचा सप्लायच रेफरन्स म्हणून वापरतो. २८ अंशाला सेन्सर ०.२८ व्होल्ट देतो, ४.७५ च्या १०२४ भागांपैकी ते ६० भाग. तुमचा प्रोग्रॅम मात्र ५ व्होल्ट धरून ६० ला ४.८८ ने गुणतो आणि म्हणतो २९.३. अडॅप्टरवर बोर्डावरचा रेग्युलेटर नीट ५ व्होल्ट देतो, म्हणून हिशेब जुळतो.

उपाय चिपच्या आतच आहे: अंतर्गत १.१ व्होल्टचा रेफरन्स. सेटअपमध्ये 'अ‍ॅनालॉगरेफरन्स' या आज्ञेने तो निवडायचा. सप्लाय हलला तरी तो हलत नाही. मात्र १.१ हा छापील आकडा आहे. डेटाशीटप्रमाणे तो १.० ते १.२ मधे कुठेही असू शकतो, चिपगणिक वेगळा. म्हणून निवडल्यावर एआरईएफ या रेफरन्सच्या पिनवर चांगला मल्टिमीटर लावून खरा आकडा वाचा आणि तोच प्रोग्रॅममध्ये लिहा. हे काम एकदाच. रेफरन्स बदलल्यानंतरची पहिली काही रीडिंग फेकून द्या, त्या पिनवरचा कपॅसिटर ५ वरून १.१ वर उतरायला वेळ घेतो.

आणि बाहेरून एआरईएफवर व्होल्टेज जोडलेलं असताना आतला रेफरन्स किंवा सप्लाय निवडू नका. दोन्ही एकमेकांना भिडतात आणि चिप जाते.

रीडिंग अर्ध्या अर्ध्या अंशाने उडी मारतं, मधलं काही दाखवतच नाही.

५ व्होल्ट भागिले १०२४ म्हणजे ४.८८ मिलिव्होल्टची एक पायरी, आणि एलएम३५ साठी ती जवळपास अर्धा अंश. जिन्याच्या दोन पायऱ्यांमधे उभं राहता येत नाही. १.१ चा रेफरन्स घेतला की पायरी १.०७ मिलिव्होल्टची होते, म्हणजे ०.१ अंश. वरची मर्यादा ११० अंशांवर येते, पण खोलीत ११० अंश असतील तर एडीसी ही तुमची पहिली काळजी नसेल.

सरासरी घेऊन बिट वाढवता येतात असं वाचलं. खरं का?

खरं, पण एका अटीवर. एक बिट वाढवायला चौपट रीडिंग लागतात, दोन बिटांना १६. सगळ्यांची बेरीज करायची आणि १६ ऐवजी ४ ने भागायचं, म्हणजे ० ते ४०९२ चं माप मिळतं. अट अशी की सिग्नलमध्ये निदान एका पायरीएवढा थरथराट असला पाहिजे. सिग्नल गुळगुळीत असून प्रत्येक वेळी ५८ च येत असतील तर सोळा वेळा ५८ मिळवून त्यातून ५८ च निघणार. थोडा नॉइज इथे उपकारक आहे, हे पोरांना पटवायला मला दरवर्षी फळ्यावर आकडे लिहून दाखवावे लागतात.

थर्मिस्टर घेऊ की एलएम३५?

स्वस्तात आणि भरवशाचं हवं असेल तर माझं मत थर्मिस्टरला, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या रेझिस्टरला. १० किलोओहमचा, बीटा (रोध किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) ३९५० वाला एनटीसी, म्हणजे तापला की रोध घटणारा, घ्या आणि त्याच्याबरोबर १० किलोओहमचा साधा रेझिस्टर लावून डिव्हायडर करा. २५ अंशाला तो १० किलोओहम असतो, ० अंशाला सुमारे ३३.६, ५० अंशाला ३.५९. खोलीच्या तापमानाला एका अंशामागे एडीसीचे ११ काउंट हलतात. एलएम३५ ला ५ व्होल्टच्या रेफरन्सवर दोनच मिळत होते.

पण खरा फायदा वेगळा. डिव्हायडरलाही तोच सप्लाय आणि एडीसीचा रेफरन्सही तोच. सप्लाय ५ वरून ४.७५ झाला तर दोन्ही बरोबरीने घसरतात आणि गुणोत्तर जागच्या जागी राहतं. वर म्हटलं तसं एडीसी गुणोत्तरच मोजतो, मग त्याला गुणोत्तरच द्यावं. लॅपटॉप बदला, केबल बदला, रीडिंग हलणार नाही.

तोटे दोन. आकड्याचे अंश करायला लॉगरिदम लागतो. आणि करंट सतत वाहत असल्याने थर्मिस्टर स्वतःच थोडा तापतो: ५ व्होल्टला त्यात सुमारे ०.६ मिलिवॉट, स्थिर हवेत त्याने पाव-एक अंश वाढू शकतो. डिव्हायडरला सप्लायऐवजी एका डिजिटल पिनवरून वीज द्या, रीडिंगपुरती चालू करा, मग बंद.

कोल्ड स्टोरेजसाठी एलएम३५ चालेल?

साध्या जोडणीत तो २ अंशांच्या खाली नीट उतरत नाही, ऋण तापमानाला त्याला ऋण सप्लाय लागतो. टीएमपी३६ या दुसऱ्या सेन्सरला अर्ध्या व्होल्टची चढती सुरुवात दिलेली असते, २५ अंशाला ०.७५ व्होल्ट, म्हणून तो शून्याखालीही बोलतो. त्याच्यासोबत १.१ चा रेफरन्स ६० अंशांपर्यंतच पुरतो, हे लक्षात असू द्या.

तापमान हळू बदलतं. मग सेकंदाला एक रीडिंग पुरे ना?

तापमानाला पुरे. पण वायरवर फक्त तापमान येत नाही. सेन्सरची लांब वायर घरातल्या वायरिंगशेजारून गेली की ५० हर्ट्झचा गुणगुणाट तिच्यात शिरतो.

समजा त्या क्षणी ग्रिडची वारंवारता ४९.९७ आहे आणि तुम्ही बरोब्बर सेकंदाला एक नमुना घेताय. दर सेकंदाला गुणगुणाटाचे ४९.९७ फेरे होतात, म्हणजे तुम्ही प्रत्येक वेळी लाटेला किंचित आधीच्या जागी पकडता. ३३ सेकंदांत ही जागा एक पूर्ण फेरी मारते. आलेखावर काय दिसतं? तापमान दर अर्ध्या मिनिटाला वर-खाली होतंय, अगदी सुबक लाट. मग एसीला, पंख्याला, दाराच्या फटीला दोष देणं सुरू होतं. लाट खोलीत नाहीच. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, तीच फसगत. याला एलियासिंग म्हणतात.

नंतर सॉफ्टवेअरने कितीही गाळलं तरी हे जात नाही, कारण नमुना घेतल्यावर खरी लाट आणि खोटी लाट एकाच रूपात येतात. उपाय आधीच करायचा. पिनपाशी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, किंवा दर सेकंदाला एकच नमुना न घेता पूर्ण २० मिलिसेकंद सलग नमुने घेऊन त्यांची सरासरी. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट, वरचा अर्धा भाग खालच्याला खाऊन टाकतो. उनोवर 'अ‍ॅनालॉगरीड' ने एवढ्यात साधारण १८० रीडिंग बसतात.

तोंडी परीक्षेसाठी: सिग्नलमध्ये जी सर्वात जास्त वारंवारता आहे तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्या. हॅरी नायक्विस्ट यांचा १९२८ चा आणि क्लॉड शॅनन यांचा १९४९ चा लेख यामागे आहे. 'सिग्नलमध्ये' म्हणजे वायरवर जे जे येतं ते सगळं, तुम्हाला हवं तेवढंच नव्हे.

रिले चालू झाला की तापमान उडी मारतं.

हा प्रश्न मला स्वतःला एक रात्र जागवून गेलाय. मेहुण्याला गावठी कोंबडीची अंडी उबवायची पेटी करून दिली होती. ३७.५ अंश ठेवायचे, खाली गेलं की रिलेने (कॉइलवर चालणाऱ्या स्विचने) बल्ब लावायचा, वर गेलं की बंद. पहिल्याच रात्री त्याचा फोन: 'दाजी, पेटी टकटकतेय.' जाऊन बघतो तर रिले शिवणयंत्रासारखा चाललेला.

बोर्ड बाहेर होता, पेटीत एलएम३५ आणि रिले. दोन मीटर बारीक वायर, आणि काळी वायर दोघांना मिळून एकच. शहाणपणा माझा, एक वायर वाचवली. रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअर घेते. त्या काळ्या वायरचा रोध ०.१५ ओहमच्या आसपास. गुणाकार केला तर साडेदहा मिलिव्होल्ट, म्हणजे एलएम३५ च्या भाषेत एक अंश. रिले लागला की सेन्सरचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडपेक्षा एवढं वर उचललं जायचं, एडीसीला एक अंश जास्त दिसायचा, प्रोग्रॅम बल्ब बंद करायचा. रिले सुटला की अंश उतरायचा, बल्ब पुन्हा चालू. पेटीतल्या हवेला यातलं काही माहीत नव्हतं.

सेन्सरला स्वतंत्र काळी वायर बोर्डापर्यंत ओढली, टकटक थांबली. प्रोग्रॅममध्ये चालू आणि बंद यांच्यात थोडं अंतर ठेवणं हेही गरजेचंच, पण ते आधी केलं असतं तर मूळ चूक झाकली गेली असती.

लांब वायरवर एलएम३५ आणखी एक खोडी काढतो. वायरच्या कपॅसिटन्सने तो डळमळतो, ५० पिकोफॅरडच्या वर त्याला सोसत नाही. सेन्सरच्या पायापाशी आउटपुटमध्ये २ किलोओहम मालिकेत टाका.

हिशेब बरोबर लिहिलाय, तरी खोलीचं तापमान २.७ अंश येतंय!

काउंटला ५००० ने गुणून १०२४ ने भागलंत का? उनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, ३२,७६७ पर्यंतच जातो. ५८ गुणिले ५००० म्हणजे २,९०,०००. ते मावत नाहीत, ६५,५३६ चे चार गठ्ठे गळून पडतात आणि उरतात २७,८५६. त्याला १०२४ ने भागलं की २७ मिलिव्होल्ट. काउंट ७ झाला की हे सुरू होतं. ५००० च्या मागे एल लावून तो लाँग (मोठा पूर्णांक) करा. वरच्या १८० रीडिंगची बेरीजही लाँगमध्येच.

१०२३ ने भागायचं की १०२४ ने?

१०२४. डेटाशीटचं सूत्र तसंच आहे. पण यावर तासभर वाद घालण्याआधी तुमचा रेफरन्स मोजा, चूक तिथे जास्त मोठी असते.

ए-शून्य पिनेला सेन्सर, ए-एक पिनेला दुसरा. एक गरम केला की दुसराही चढतो.

सहा पिना दिसतात, एडीसी एकच आहे. आतला स्विच त्याला आळीपाळीने एकेका पिनेला जोडतो आणि तो १४ पिकोफॅरडचा कपॅसिटर आधीच्या पिनेची शिल्लक घेऊन पुढे जातो. स्रोताचा रोध जास्त असेल तर ती पुसली जात नाही. पिन बदलल्यावरचं पहिलं रीडिंग टाकून द्या, दुसरं वापरा. काहीच न जोडलेली पिन वाटेल तो आकडा दाखवते तेही यामुळेच, आणि आसपासच्या वायरिंगमुळे. त्यात अर्थ शोधू नका.

के-टाइप थर्मोकपल थेट पिनला लावला तर?

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा, तो अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ४.८८ मिलिव्होल्टची एक पायरी म्हणजे ११९ अंश. भट्टी पेटली की नाही एवढं कळेल. त्याला स्वतंत्र चिप घ्या, मॅक्स६६७५ वगैरे.

१६ बिटांचा एडीसी घेतला की अचूकता वाढेल ना?

बारकावा वाढेल. अचूकता वेगळी. एडीएस१११५ घेतलात तर त्याच्या २.०४८ व्होल्टच्या पल्ल्यात पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची, एलएम३५ साठी अंशाचा १६० वा भाग. पण एलएम३५ स्वतः २५ अंशाला अर्धा अंश इकडेतिकडे असू शकतो. मग स्क्रीनवर २८.३७२ लिहिणं म्हणजे कापडाच्या गजाने केसाची जाडी सांगणं. तरीही एडीएस१११५ ला माझी ना नाही: त्याचा रेफरन्स आतच आहे, सप्लायवर अवलंबून नाही.

ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचे १२ बिट पाहून भुलू नका. त्याचा एडीसी टोकांना वाकडा चालतो, आणि वायफाय चालू असताना तिच्या दुसऱ्या एडीसीच्या (एडीसी-दोन) पिना वाचता येत नाहीत. 'सेन्सर खराब निघाला' वाल्यांत हे बरेच असतात.

चिपच्या आतही तापमान सेन्सर आहे म्हणे?

आहे. अंशाला साधारण १ मिलिव्होल्ट, आणि डेटाशीटप्रमाणे चूक १० अंशांपर्यंत. चिप तापली का एवढं बघायला ठीक.

एलएम३५ ला हात लावला तर चटका बसला.

उलटा लावलाय. ताबडतोब काढा. चपटी बाजू तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडे सप्लाय, मधे आउटपुट, उजवीकडे ग्राउंड. डेटाशीटमधलं चित्र पायांच्या बाजूने, म्हणजे खालून काढलेलं असतं, तिथेच बहुतेक जण फसतात.

मग सरळ डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर लावतो, एडीसीची कटकटच नको.

लावा. एडीसी नाहीसा होत नाही, तो सेन्सरच्या डबीत जाऊन बसतो आणि वायरवरून तयार आकडा येतो, त्यामुळे लांब वायर आणि ग्राउंडचे निम्मे त्रास मिटतात. पण १२ बिटांच्या मोजणीला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. स्क्रीनवर नेमके ८५ अंश आले तर घाबरून पाण्यात बुडवू नका. वीज मिळाल्यावर त्याच्या खणात ८५ हाच आकडा असतो. मोजणी व्हायच्या आत तुम्ही वाचलंत, किंवा मधे क्षणभर त्याची वीज गेली. आधी सप्लायची वायर हलवून बघा.